चाकातलं गाव, विज्ञानकक्षाच्या भिंतीवर

शाळांच्या चित्रकला स्पर्धेत ‘भविष्यातलं शहर’ हा विषय दिला की काय येणार, हे परीक्षकाला आधीच ठाऊक असतं. काचेचे मनोरे, त्यांच्यामधून उडणाऱ्या मोटारी, एखादा यंत्रमानव, आणि झाडं असलीच तर कुंडीत. मुलांना दोष नाही, बिल्डरांच्या जाहिरातींतही हेच असतं. मला खटकतं ते एवढंच की या शहरांत कुणी राहत नाही. पाणी कुठून चढतं, ऊन कुठून येतं, भाजी कुठे पिकते, कशाचाच पत्ता नसतो.

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेनं विज्ञानकक्षाची भिंत रंगवून मागितली. “अंतराळातलं शहर पाहिजे ताई, पोरं बघत बसली पाहिजेत,” असं मुख्याध्यापक म्हणाले. मी एकच अट घातली. शहर मी निवडणार, आणि ते असं असणार की त्याचं गणित कुणीतरी आधीच मांडलेलं आहे.

असं शहर माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं. प्रिन्स्टनचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७४ मध्ये अंतराळातल्या वसाहतींवर लेख लिहिला. पुढच्याच उन्हाळ्यात, १९७५ मध्ये, कॅलिफोर्नियातलं नासाचं एम्स केंद्र आणि स्टॅनफर्ड विद्यापीठ यांनी दहा आठवड्यांचा अभ्यासगट बसवला. अभियंते, शास्त्रज्ञ, वास्तुरचनाकार, समाजशास्त्राची माणसं असे सगळे एकत्र. त्यातून आराखडा निघाला तो ‘स्टॅनफर्ड टोरस’चा. दहा हजार माणसांसाठी एक प्रचंड चाक, बैलगाडीच्या चाकासारखंच. मधे तुंबा, त्यातून निघालेले सहा आरे, आणि बाहेरची धाव म्हणजे १३० मीटर जाडीची पोकळ नळी. माणसं राहतात ती या नळीत. चाकाचा व्यास साधारण १,८०० मीटर. ते मिनिटाला एक फेरी घेतं, म्हणून आतली माणसं बाहेरच्या बाजूला दाबली जातात आणि त्यांना वजन जाणवतं.

दहावीच्या मुलांनी हे गणित फळ्यावर केलं. बाहेरच्या कडेशी त्रिज्या ८९५ मीटर, मिनिटाला एक फेरी, तर त्वरण येतं ९.८, म्हणजे पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतकंच. एका मुलानं उत्तर पाहून “आयला!” म्हटलं आणि विज्ञानाच्या बाईंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. चाक याहून लहान केलं तर तेवढंच वजन मिळवायला जास्त जोरात फिरवावं लागेल, आणि मिनिटाला एका फेरीच्या वर काही जणांना मळमळेल असा हिशेब होता. म्हणजे या शहराचा आकार कुणाच्या आवडीवर ठरलेला नाही, माणसाच्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावर ठरलाय. मला हे फार आवडतं.

या अभ्यासासाठी चित्रं काढली मुख्यतः दोघांनी, डॉन डेव्हिस आणि रिक ग्विडिस. नासाची असल्यामुळे ती खुली आहेत, कुणालाही मोठ्या आकारात पाहता येतात. मी टोरसच्या आतलं डेव्हिसचं चित्र आणि चाक कापून दाखवणारं ग्विडिसचं, अशी दोन छापून आणली आणि विज्ञानकक्षात टांगली. पाहता पाहता लक्षात येतं की हे अंतराळ नाहीच, हे कॅलिफोर्निया आहे. हिरवळ, गच्च्यांची घरं, ऐसपैस मोकळी जागा. ओनीलनं सुचवलेल्या दुसऱ्या वसाहतीच्या, मोठ्या नळकांड्यासारख्या सिलिंडरच्या चित्रात तर डेव्हिसनं चक्क झुलता पूल घातलाय, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीची आठवण यावी असा. मी हे टीका म्हणून सांगत नाही. चित्रकार दुसरं काय करणार? हिरवा कसा असतो, उतार कसा दिसतो, हे आपण जिथे वाढलो तिथूनच हाताला येतं. प्रश्न आमच्या भिंतीचा होता. मी डेव्हिसची नक्कल केली असती तर मुलांना परदेश दिसला असता, अंतराळ नव्हे.

शिवाय नक्कल करून माझं भागणार नव्हतं. चित्र छापील पानावर हातभर अंतरावरून पाहायचं असतं. आमची भिंत १४ फूट रुंद, चित्राची उंची ८ फूट, आणि पाहणारा बाकावर बसलेला, भिंतीपासून साधारण १२ फुटांवर. त्याच्या डोळ्याला जमीन खरोखर वर चढताना दिसली पाहिजे. त्यासाठी यथार्थदर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, मुळापासून मांडायला हवं होतं.

आपल्याकडे इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेपर्यंत पोचलेल्या प्रत्येकाला एक नियम पाठ असतो. क्षितिजरेषा डोळ्यांच्या पातळीवर, आणि सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सारख्या उंचीच्या माणसांची डोकी, ती जवळ असोत वा लांब, त्याच रेषेवर. टोरसमध्ये हा नियम पार कोलमडतो. तिथे क्षितिजच नाही. जमीन दोन्ही बाजूंना वर वर जाते आणि शेवटी छताआड लपते. किती वर जाते? कुठे लपते?

याचं उत्तर कागदावर काढता आलं असतं, पण मला ते मुलांनी काढायला हवं होतं. कबड्डीच्या मैदानासाठी आणलेली फक्की शिल्लक होती. मैदानात खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि शंभरास एक प्रमाण धरलं. नळीच्या मधोमध जमीन आहे असं मानलं तर ती केंद्रापासून ८३० मीटरवर, म्हणजे आमच्या मैदानात ८ मीटर ३० सेंटिमीटरवर. छत ६५ मीटर उंच, म्हणजे आतला कंस ७ मीटर ६५ सेंटिमीटरचा. फक्कीचे दोन पांढरे कंस उमटले, मधे जेमतेम हातभर पट्टा. त्या पट्ट्यात गाव.

मग सातवीतली एक मुलगी बाहेरच्या कंसावर उकिडवी बसली. ती आमची रहिवासी. तिच्या हातात सुतळीचं एक टोक, दुसरं टोक घेऊन एक मुलगा पुढे निघाला. सुतळी आतल्या कंसाला नुसती चाटून गेली पाहिजे, त्याला छेदता कामा नये. जिथे ती पुन्हा बाहेरच्या कंसाला भिडली तिथे खडा ठेवला. मोजलं, ६ मीटर ४० सेंटिमीटरच्या आसपास. खऱ्या टोरसमध्ये सुमारे ६४० मीटर. त्यापलीकडचं काहीही त्या मुलीला दिसत नाही, छत आड येतं. पूर्ण चाकाचा जेमतेम आठवा भाग एका बाजूला दिसतो.

कोन मोजायला भूमितीचे सर फळ्यावरचा लाकडी कोनमापक घेऊन आले. सुमारे ४५ अंशांचा कंस, आणि सुतळी मुलीच्या जमिनीशी साधारण २३ अंश करते. मी काही बोलायच्या आत दहावीतल्या दोघी एकदम म्हणाल्या, “सर, हे स्पर्शिका-छेदिकेचं!” खरंच होतं. स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन अंतर्खंडित कंसाच्या निम्मा असतो. माझं सगळं यथार्थदर्शन त्या एका प्रमेयात बसत होतं. जमिनीवरचा कुठलाही बिंदू कंसावर जितके अंश पुढे, त्याच्या निम्मे अंश तो डोळ्यासमोर वर. मी तोवर प्रत्येक अंतरासाठी वेगळा हिशेब करत बसले होते, तो कागद घडी घालून ठेवून दिला.

यातून एक मजा निघाली. ५० मीटरवर जमीन साधारण दीड मीटर वर आलेली असते, म्हणजे नेमकी शाळकरी मुलाच्या डोळ्यांइतकी. तिथे उभ्या असलेल्या माणसाची पावलं तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येतात. त्यापलीकडचे सगळे तुमच्यापेक्षा वर. डोक्यांच्या रेषेचा नियम शिकवताना गेली कित्येक वर्षं मी फळ्यावर जी माणसं काढत आलेय, ती इथे पायापासून मोजायची होती.

आणि दुसरी. जीवा वर्तुळाला दोन्ही टोकांशी सारखाच कोन करते. म्हणजे सर्वात लांबची जमीन आपल्याला २३ अंशांच्या उतरत्या नजरेनं दिसते, जणू आपण उंचावर उभे आहोत. तिथली घरं समोरून दिसत नाहीत, त्यांची छपरं दिसतात. जवळची घरं भिंतींनी, लांबची छपरांनी, आणि दोन्ही एकाच चित्रात. हे अंदाजानं जमणार नव्हतं. वही घेऊन मी अजिंक्यताऱ्यावर गेले. कड्याच्या टोकाशी बसून खाली साताऱ्याची छपरं पाहिली आणि जिथे नजर साधारण २३ अंशांनी उतरते तेवढीच पेठ रेखाटली. पत्रे, गच्च्या, पाण्याच्या काळ्या टाक्या, मधूनच एखादं कौलारू. टाक्या मी पुढे भिंतीवरही ठेवल्या. दहा हजार माणसांना पाणी लागतंच.

भिंतीचं काम सुरू झालं दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. जुना चुना खरवडला, पॉलिश पेपर मारला, लांबीचे (पुट्टीचे) दोन हात, मग प्रायमर. हे सगळं जो करतो त्यालाच त्यातली गंमत, वाचणाऱ्याला नाही, म्हणून पुढे जाते.

प्रायमर वाळत असताना मुलं टांगलेल्या चित्रांखाली जमायची. “हे खरं होणार का?” हा प्रश्न रोज. उत्तर म्हणून मी त्यांना चेस्ली बोनस्टेलचं काम दाखवलं. १८८८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला हा माणूस आधी वास्तुरचनेत होता. न्यूयॉर्कच्या क्रायसलर बिल्डिंगवर त्यानं काम केलं, गोल्डन गेट पुलाची चित्रं काढली, मग हॉलिवूडमध्ये पार्श्वभूमी रंगवल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर ग्रहांकडे वळला. १९४४ मध्ये ‘लाइफ’ मासिकात त्याची शनीची चित्रं आली. टायटन या चंद्रावरून दिसणारा शनी हे त्यातलं सर्वात गाजलेलं. बर्फाळ कडे, निळं आकाश, त्यात शनी. टायटनवरून शनीचं बिंब साडेपाच अंशांहून थोडं मोठं दिसायला हवं, आपल्या चंद्राच्या जवळजवळ अकरापट रुंद. बोनस्टेल असे कोन मोजून चित्र मांडायचा.

पण आकाश? टायटनला वातावरण आहे हे क्वीपर या खगोलशास्त्रज्ञानं नुकतंच दाखवलं होतं, तिथून आकाश कसं दिसतं हे कुणालाच माहीत नव्हतं. २००५ च्या जानेवारीत हायगेन्स यान तिथे उतरलं आणि दिसलं ते नारिंगी धुकं. त्यातून शनी दिसण्याची आशा नाही. चंद्राचंही तेच झालं. बोनस्टेलनं चंद्रावर सुळक्यांसारखे डोंगर काढले, अपोलोच्या माणसांना सापडले ते गोलसर. लुसियाँ रुदो नावाच्या फ्रेंच खगोल-चित्रकारानं ते आधीच गोलसर काढले होते, कारण त्यानं दुर्बिणीतून चंद्राची कड न्याहाळली होती. बोनस्टेलचं चंद्रभूमीचं ४० फुटी भित्तिचित्र बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयात होतं, ते १९७० मध्ये उतरवण्यात आलं.

“पुसलं?” एका मुलानं विचारलं.

नाही, ते अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेलं. त्या मुलाला बरं वाटलेलं दिसलं. माझं मत मी त्याला सांगितलं तेच इथे लिहिते. बोनस्टेलनं जे मोजलं ते टिकलं आणि जे अंदाजानं भरलं ते पडलं, पण अंदाज भरल्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

मग रेखाटन. भिंतीच्या चित्राची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर, बाकावर बसलेल्या मुलाचा डोळा त्याहून सव्वा फूट वर. तिथे ओळंबा आणि पाणसळ लावून निळीची दोरी मारली. ही डोळ्यांची रेषा. तिच्यावर पाच फुटांवर जमीन संपते आणि छत सुरू होतं. १३० मीटर रुंदीची जमीन त्या टोकाला अवघी अडीच फूट रुंद उरते. १० मीटरवर जो रस्ता भिंतीवर सात फूट रुंद, तोच टोकाला दीड इंच. आणि रस्त्याच्या कडा सरळ जाऊन एका बिंदूत मिळत नाहीत, त्या उमलत वर चढतात. त्या वक्ररेषा हातानं मारल्या तर डगमगतात. मी दर काही अंशांना बिंदू घेतले, खिळे ठोकले आणि त्यांवरून प्लॅस्टिकची लवचीक केसिंग पट्टी वाकवून पेन्सिल फिरवली. वायरिंगवाल्याकडची पट्टी, नेमकी हवी तेवढीच वाकते.

रंगात खरी अडचण आली ती उजेडाची. टोरसमध्ये ऊन आरशांवरून येतं. चाकावर तरंगणारा एक मोठा आरसा ते तुंब्याकडे पाठवतो, तिथले आरसे ते छताच्या काचांतून आत सोडतात. म्हणजे उजेड कायम डोक्यावरून. सकाळचं तिरपं ऊन नाही, संध्याकाळची लांब सावली नाही. निसर्गचित्र काढणारा कुठलाही माणूस सांगेल, दुपारी बारा वाजता बसू नका, सगळं चपटं दिसतं. आणि इथे बाराच वाजलेले, रोज, दिवसभर.

दुसरं हत्यारही गेलं. अंतर दाखवायचं तर आपण लांबचे डोंगर निळसर आणि फिके करतो. पण त्यासाठी मधे कित्येक किलोमीटर हवा लागते. ६४० मीटरमध्ये हवा काही निळी होत नाही. डेव्हिसच्या सिलिंडरच्या चित्रात ढग आणि धूसरपणा शोभतो, कारण तो सिलिंडर मैलोगणती लांब-रुंद आहे. टोरसमध्ये ते खोटं ठरलं असतं. तेव्हा खोली दाखवायची ती फक्त आकारानं. ५० मीटरवरचा माणूस साडेचार इंचांहून थोडा मोठा, १०० मीटरवरचा सव्वादोन इंच, टोकावरचा सेंटिमीटरभरही नाही. म्हणून चित्रात ठिकठिकाणी माणसं लागली. ती सजावट नव्हती, ती मोजपट्टी होती. माणसं कमी पडली तिथे दारं, सायकली आणि जिने.

चपट्या उजेडावर तोडगा मिळाला झाडांखाली. डोक्यावरच्या उन्हात झाडाची सावली बुंध्याभोवती गोल पडते. त्या गडद गोलांची रांग जमिनीवरून वर चढत गेली की चढ आपोआप दिसायला लागतो. प्रत्येक गोल लांब जाताना आधी चपटा होतो आणि टोकाकडे पुन्हा उघडतो, कारण तिथे आपण वरून पाहत असतो. पांढऱ्या इमल्शनमध्ये यलो ऑक्साइड, फास्ट ग्रीन आणि थोडा बर्न्ट सिएना असे स्टेनर घालून हिरव्या-पिवळ्याच्या छटा केल्या. काळा जवळपास वापरलाच नाही. दोन घोड्यांवर फळी टाकून वरून खाली उतरत गेले. आधी छताचे काचपट्टे, मग लांबचं गाव, मग शेती, सर्वात शेवटी समोरचा रस्ता. वरचा रंग खाली ओघळतो, त्यामुळे दुसरा क्रम नाहीच.

शेती ठेवावीच लागली. आराखड्यात नळीचे सहा भाग आहेत, एकाआड एक वस्ती आणि शेती. मांसासाठी मासे, कोंबड्या आणि ससे धरलेले. शेताची जागा माझ्या चित्राच्या वरच्या भागात, नजर उतरती होते तिथे आली. काय पेरायचं यावर वर्गात बरीच हमरीतुमरी झाली. भात म्हणणारे होते, ऊस म्हणणारे तर फारच होते. उसाला पाणी किती लागतं हे विज्ञानाच्या बाईंनी विचारल्यावर तो गट गप्प झाला, आणि ज्वारी ठरली. “पाऊस नाही म्हणता, मग पाणी कुठनं?” याचं उत्तर मात्र सगळ्यांना पटलं नाही. पाऊस नाही, हवेतली वाफ गोळा करून, सांडपाणी गाळून तेच पाणी पुन्हा वापरायचं. “म्हणजे परत परत तेच पाणी?” मी म्हटलं, आपलंही तेच असतं, फक्त फेरा मोठा असतो. एकीनं नाक मुरडलं ते मुरडलंच.

“मेलेल्या माणसाला कुठं नेतात?” हेही विचारलं गेलं. त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. मुलांनी आपसांत बोलून शेताच्या कडेला एक मोकळी पट्टी राखायला लावली. तिथे काही काढायचं नाही, असं बजावलं. ती पट्टी चित्रात आहे. पाहुण्यांना ती रिकामी राहिलेली जागा वाटते.

मुख्याध्यापकांना रॉकेट हवं होतं. अंतराळाचं चित्र आणि रॉकेट नाही हे त्यांना सहन होईना. आतल्या दृश्यात रॉकेट कुठून आणणार? अंतराळयानं लागतात ती तुंब्याशी, जिथे वजन जाणवत नाही. शेवटी समोरच्या बाजूला एक आरा घेतला, १५ मीटर जाडीचा, जमिनीतून उगवून छत भेदून वर जाणारा. त्याच्या पायथ्याशी लिफ्टचं दार आणि दाराशी रांग. रांगेत पिशव्या घेतलेली माणसं, एक जण घड्याळाकडे बघतोय. “हे रॉकेटकडं जाणारं स्टँड आहे सर,” असं एका मुलानंच त्यांना समजावलं आणि ते मान्य झालं.

सगळं झाल्यावर मॅट वॉर्निश मारलं. चकचकीत मारलं असतं तर खिडकीचा उजेड नेमका छताच्या काचांवर चमकला असता. आता शेजारच्या भिंतीवर बर्नाल गोल काढून हवा आहे, ओनीलच्याच काळातला दुसरा आराखडा, पोकळ गोळ्याच्या आतल्या अंगावर वसलेल्या गावाचा. त्रिज्या साधारण २५० मीटर, मिनिटाला जवळजवळ दोन फेऱ्या. तिथे छतच नाही, जमीन फिरून थेट डोक्यावर येते, समोरच्या माणसाचं डोकं आपल्याकडे. सुतळी आणि फक्की घेऊन मुलं तयार आहेत, गणितही ती मांडून बसली आहेत. पण त्या भिंतीला खालून लोणा लागलाय. गच्चीचं पाणी ज्या पाइपातून उतरतं तो आधी दुरुस्त करा, एक पावसाळा जाऊ द्या, मग बघू, असं मी मुख्याध्यापकांना लेखी कळवलंय.